नमुन्याला हळद

अतुल कोवे आंघोळ करून घरात आला तेव्हा त्याच्या कारखान्याचा नमुना देवापुढे बसला होता. एका बाजूला नवे तांदूळ, दुसऱ्या बाजूला वालाच्या शेंगा आणि मधोमध पांढऱ्या पावडरीचा डबा. सील तुटलेलं, झाकण बाजूला, पावडरीवर हळदीची भरघोस चिमूट आणि वर अक्षता.

"माय, हे कोनं उघडलं?"

"मी," बुधरी म्हणाली. "बंद डब्यातून पेनाले काय दिसन?"

मुलचेऱ्याकडच्या त्यांच्या गावात आज नव्याचा सण होता. नवं पीक पेनाला, म्हणजे घरच्या देवाला, दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, अशी रीत. बुधरीनं ही रीत हळूहळू वाढवत नेली होती. पहिल्या गॅस सिलिंडरला तिनं हळद लावली, मोबाइलला लावली, आणि मुलीच्या, स्वातीच्या, कॉलेजच्या ओळखपत्राला इतकी लावली की फोटोतली स्वाती कायमची कावीळ झाल्यासारखी दिसायची. आदल्या संध्याकाळी अतुलनं सोबत आणलेला डबा बघून तिनं विचारलं होतं, "नवा माल हाये का रे?" आणि अतुलनं छाती फुगवून सांगितलं होतं, "एकदम नवा. विदेशातला. कोनाचा हात नाई लागला अजून." एवढं ऐकल्यावर बुधरी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

अतुल चंद्रपूरच्या एका छोट्या औषध कारखान्यात आयातीचे कागद बघायचा. ही पावडर सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, औषधात पडायची, आणि ते औषध स्वाती रोज घ्यायची. पंचाईत अशी, की जिमवाले पोट्टेही हीच पावडर दंड फुगवायला खातात. त्यामुळे नागपूरच्या कस्टम साहेबांना प्रश्न पडला होता, की हे रसायन समजायचं का खाद्य? शुद्ध, एकटं रसायन असेल तर कर कमी. खाण्यासाठी काही कालवलेलं असेल तर कर एवढा, की कारखान्यानं ते औषध बनवणंच सोडावं. पावडरीचे ड्रम गोदामात अडकले होते. उद्या सकाळी नागपूरला सुनावणी होती, आणि हा नमुना दाखवून अतुलला तिथे एकच गोष्ट पटवून द्यायची होती. या पावडरीत दुसरं काहीही मिसळलेलं नाही.

त्यानं डब्यात पाहिलं. अक्षतेचा एक दाणा सावकाश आत बुडाला.

"दादा, चाळून घेऊ ना," स्वाती म्हणाली.

चाळली. अक्षता वर राहिल्या, हळद मात्र आतापर्यंत एका जागी होती ती सगळीकडे सारखी पसरली. शिवाय चाळणीला सकाळचं तांदळाचं पीठ चिकटलेलं होतं, हे चाळून झाल्यावर लक्षात आलं.

तेवढ्यात अंगणातून बाप, दसरू, ओरडला, "चव नाई काई त्याले! गूळ टाकाचा होता."

"बा! तुम्ही खाल्लं?"

"परसादाले नाई म्हनू का मी? शेजारच्या लहानूनं बी खाल्लं." दसरूनं कुऱ्हाड उचलली. त्याचे गुडघे गेल्या दिवाळीपासून संपावर होते. त्या दुपारी त्यानं लाकडांचा ढीग फोडून टाकला आणि घाम पुसत म्हणाला, "पोरा, अंगात ताकत आल्यावानी वाटून राह्यलं."

म्हणजे कस्टमवाल्यांची बाजू अतुलच्या सख्ख्या बापानंच सिद्ध केली होती.

अतुलनं मॅनेजर साधना मॅडमना फोन लावला.

"डब्यात आता नक्की काय आहे?"

"पावडर, हळद अन् थोडं तांदळाचं पीठ."

"मीठ?"

"नाई मॅडम."

"चला, तेवढं तरी राहिलं. उद्या जा आणि खरं ते सांग. खोटं बोलायला आता जागाच उरलेली नाही."

फोन ठेवून तो वळला तर बुधरी दारात उभी होती.

"ड्रम माह्यामुळं अडकनार का?"

"नाई ओ माय." अतुलला खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं.

"मले वाटलं, पोरीच्या औषधाचा दाना हाये, त्यालेच पयले दाखवाव," ती म्हणाली, आणि हळदीची वाटी तिनं उंच फळीवर, हात सहज पोचणार नाही अशी, मागे सरकवून ठेवली.

नागपूरला साहेबांनी डबा उघडला, हुंगला आणि चष्मा काढला.

"कागदावर पांढरी लिहिलंय."

"सर, आईनं देवापुढं ठेवली होती. हळद लावली."

"आईला हे औषध वाटलं म्हणून?"

साहेब मदतीलाच निघाले होते. पण अतुलला खरं सांगायला बजावलेलं होतं. "नाही सर. नवं पीक वाटलं."

"म्हणजे खाद्य."

"हो सर."

"कुणी खाल्लं?"

"वडिलांनी. अन् शेजारच्या लहानूकाकांनी."

"मग?"

"वडिलांनी लाकडं फोडली, सर."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग गंभीर चेहरा करून ते म्हणाले, "तुमच्या बाजूनं बोलायला आलात ना तुम्ही? हा नमुना निकामी आहे. गोदामातल्या ड्रममधून आपल्या दोघांसमोर नवा काढू, तो प्रयोगशाळेत पाठवू. आणि तो तुम्ही घरी न्यायचा नाही."

अहवाल येईपर्यंत बुधरीनं कशालाच हळद लावली नाही. शेळीला करडू झालं, ते तसंच उड्या मारत राहिलं. दसरूनं नवा टॉर्च आणला, तो तिनं लांबूनच पाहिला. स्वातीच्या औषधाचा डबा ती रोज हलवून बघायची आणि आवाजावरून किती उरलंय याचा अंदाज घ्यायची. भाजीतसुद्धा हळद पडेना. दसरू पांढरी भाजी निमूट जेवला. त्याच्या उभ्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

अहवाल आला. शुद्ध, एकटं रसायन. ड्रम सुटले.

अतुल घरी आला तो पिवळ्या पावडरीचा डबा घेऊनच, कस्टमनं तो चिठ्ठी चिकटवून परत केला होता. बुधरीनं डब्याला हात लावला नाही.

"काय लिवलं त्याच्यावर?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'घरगुती मिश्रण. व्यापारी मूल्य नाही.'

अतुलनं आईकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला अजूनही जमत नव्हतं, आणि यावेळी गरजही पडली नाही.

"लिवलं हाये, याची किंमत होत नाई."

"सायबानं लिवलं?"

"सही करून."

बुधरीनं पाट ओढला, त्यावर चढून फळीवरची वाटी काढली आणि आधी करडाला धरलं. टॉर्च झाला. मग बोट पुसता पुसता ती थबकली.

"अन् ते ड्रम कुठी हायेत?"

"गेले ना माय, कारखान्यात."

"तसेच?"