पाटणकर काकूंचा पब

"संध्याकाळी साडेसातला मी पबात असते," असं पाटणकर काकूंनी चैत्रगौरीच्या भर हळदीकुंकवात सांगितलं आणि माझ्या हातातलं पन्हं साडीवर सांडलं. कतारमध्ये, पासष्टीच्या, सोमवारचा उपास करणाऱ्या बाई, आणि रोज पबात! सगळ्या बायका डोळे विस्फारून बघत राहिल्या. काकू आपल्या शांतपणे कैरीची डाळ खात होत्या.

पब टीव्हीतला निघाला. वर्षानुवर्षं चाललेल्या एका इंग्रजी मालिकेतला. त्याचं नाव 'ओल्ड लँटर्न', पण काकू त्याला 'आपला कंदील' म्हणतात. अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये त्या अगदी शेजारच्या व्हिलात राहतात. नाशिकहून मुलाकडे आल्या, नातीचं इंग्रजी कळावं म्हणून मालिका लावली, आणि त्या पबातल्याच होऊन बसल्या.

कंदिलात काकू गाऊनवर जात नाहीत. इस्त्रीची साडी, तोंडाला पावडर आणि हातात कोकम सरबताचा ग्लास. "चारचौघांत रिकाम्या हाताने बसणं बरं दिसत नाही गं." पबाच्या मालकीणबाई त्यांच्या मार्थावहिनी, आणि कोपऱ्यात बसून पिणारा म्हातारा म्हणजे जॉर्जभाऊ. "जॉर्जभाऊंना कालच म्हटलं, आता पुरे करा, ते लिव्हर आहे की काय आहे!" हे त्या इतक्या कळवळून सांगतात की आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "हे जॉर्ज कुठल्या कंपनीत आहेत?"

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, जळालं सगळं! खलास! यल्ला, चल लवकर, पळत ये!"

मी गॅस बंद केला आणि अनवाणी धावले. बघते तर धूर नाही, वास नाही. काकू सोफ्यावर पांढऱ्याफटक पडलेल्या, आणि समोर टीव्हीत कंदील धडाधडा पेटलेला.

"पब पाडणार म्हणे आता. मग आम्ही सगळ्यांनी जायचं कुठे?"

"काकू, माझा जीव गेला असता! अहो, मालिका आहे ती!"

"माहितीय मला. खुळी नाहीये मी." त्यांनी टीव्ही बंद केला. "पण तिथं कुणी दार उघडून आत आलं की सगळे मान वर करून बघतात. 'आलात?' म्हणतात. 'नेहमीचं देऊ?' विचारतात. इथं मी दार उघडलं की मुलगा लॅपटॉपमधून म्हणतो, आई, दार लाव, एसी बाहेर जातोय."

आगीने बसला नव्हता एवढा धक्का मला त्या एका वाक्याने बसला. इथं गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणजे ही बाई संध्याकाळी नटूनथटून जात होती ती फक्त दिवाणखान्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून एवढंच सांगितलं, "साडेसातला आमच्याकडे या. साडी चांगली नेसा."

बेल वाजली. मी दार सताड उघडलं. काकू उभ्या होत्या, इस्त्रीच्या साडीत, पावडर लावून, स्वतःचा ग्लास घेऊन. ह्यांनी मोबाइल खाली ठेवला. लेकीने हेडफोन काढले. सगळ्यांनी मान वर केली.

"आलात?" मी म्हटलं.

"द युज्वल, आजी?" लेक म्हणाली.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. मग पदराने डोळे टिपत, जरा रागावूनच म्हणाल्या, "अगं, दार लावू दे आधी. एसी बाहेर जातोय."