मोठ्या मापाचे पिस्टन

"चार पोरं आणि एक नवरा मी सरळ केलाय! मग हे इंजिन कोण लागून गेलं?" नवऱ्याच्या जड खोक्यावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढता काढता काकूंनी जाहीर केलं.

नवऱ्याची मोटार तो गेल्यापासून सहा वर्षं अंगणात गंजत होती. इंजिनाला पाणी लागत नाही, वाऱ्यावर थंड होतं, म्हणून तो हयातभर मिरवला. आता धाकट्या मुलाने बजावलं होतं : पंधरा दिवसांत चालू झाली तर राहील, नाहीतर भंगारात!

मिस्त्रीने इंजिन उघडलं. चारही पिस्टन आणि सिलिंडर पार झिजलेले.

"काकू, मूळ मापाचाच जोड घालू. फक्त शोधायला दोन महिने लागतील."

"तोवर गाडीची खिळे-मोळे होतील! दुसरं काय आहे?"

"मोठं माप उद्या मिळेल. पण त्यासाठी इंजिनाचा सांगाडा आतून कापावा लागतो. पातळ झाला की तापतो. आणि एकदा कापला की मूळ माप पुन्हा बसत नाही."

"आमच्या घरात माघारी कोण फिरलंय? काप!"

"आई, मिस्त्रीचं ऐक जरा," धाकटा म्हणाला.

"तुझ्या बापाचं कधी ऐकलं नाही, ह्याचं ऐकू?"

पंधराव्या दिवशी गाडी सुरू झाली! काकू पुढच्या सीटवर, मान ताठ. गल्ली दणाणली. चढावर मात्र इंजिन तव्यासारखं तापलं, "कडाड्!" झालं आणि रस्ताभर तेल! चौघांनी ढकलत घरी आणली.

"पायी लवकर पोचला असतात हो!" शेजारीण खिडकीतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. बघायचंच नाही, असं ठरवून काकू आत बसल्या. पण साखळी खणखणली आणि राहवेना. खिडकी उंच. त्यांनी तेच खोकं ओढलं, वर चढल्या. गाडी फाटकाबाहेर वळली आणि पायाखालची फळी मोडली.

हत्यारं न्यायला आलेला मिस्त्री धावला. खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेले चार पिस्टन, चार सिलिंडर. त्याने एक पुसून पाहिला.

"मूळ माप. कोरे करकरीत! काकू, सहा वर्षांत हे कधी उघडलं नाहीत?"

काकूंनी साडी झटकली.

"हात लावू नकोस म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "जन्मात एकदाच त्यांचं ऐकलं!"