काजळासुराचं बोट

कस्तुरीबाईंनी सकाळपासून एकच फडताळ तीनदा पुसलं होतं. चहा सोडून त्यांना सव्वीस दिवस झाले होते. मुलगा रविकिरण इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीसाठी मोबाइलवर ऐकायची मालिका लिहायचा. तिच्यातला खलनायक काजळासुर काही केल्या त्याच्या हातून मरेना, आणि साहेब रोज फोन करून शेवट मागायचे. मुलाचे हाल बघवेनात, तेव्हा कस्तुरीबाई देवापुढे बोलून बसल्या, "हा मेला मरेपर्यंत मी चहा घेणार नाही."

आज शेवटचा भाग होता. चामराजपेटच्या घरात तिघं मोबाइलभोवती बसली. दयानंदरावांनी स्वतः आलं ठेचून चहा केला. बिनचहाची बायको सव्वीस दिवस त्यांनीच सोसली होती.

काजळासुर किंचाळत लाव्ह्यात कोसळला.

"सुटले गं बाई!" कस्तुरीबाईंनी कप ओठांशी नेला. तेवढ्यात मोबाइलमधला घोगरा आवाज म्हणाला, "आणि राखेतून एक बोट हललं..."

कप खाली आला.

"बोट कुणाचं रे?"

"त्याचंच. अगं, ते दुसऱ्या सीझनसाठी असतं."

"म्हणजे मेला नाही?"

"मेलाय. म्हणजे तसा मेलाय. ऑफिसनं अजून ठरवलं नाही."

"यमाचं काम तुमचं ऑफिस कधीपासून बघायला लागलं?" दयानंदराव भडकले. मग बायकोकडे वळून लाडीगोडीनं म्हणाले, "स्वल्प घे गं. एका बोटापुरताच जिवंत आहे तो. बोटभर चहा सोड, उरलेला पी."

पण नेमात असली सूट कस्तुरीबाईंना चालणारी नव्हती. त्यांनी पद्मनाभशास्त्र्यांना स्पीकरवर फोन लावला. शास्त्र्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

"अक्का, प्रेत मिळालं का?"

"नाही हो. लाव्ह्यात गेला."

"मग बारा वर्षं वाट बघायची."

"बारा वर्षं बिनचहाची?" दयानंदराव ओरडले.

"नाहीतर दर्भाचा पुतळा करून उद्याच दहन करू. मग तो मेलाच म्हणायचा. अग्नी कोण देणार?"

"त्याला कुणी नाही हो."

"जन्माला कुणी घातला?"

दोघांनी रविकिरणकडे पाहिलं. "आमच्या रवीनं," कस्तुरीबाई फोनवर म्हणाल्या.

"सरी, ठीक. म्हणजे बाप आहे. तुम्ही आजी. दहा दिवस सुतक, देवपूजा बंद."

कस्तुरीबाई हादरल्या. एकवीस वर्षांत देवापुढचा त्यांचा दिवा एकदाही चुकला नव्हता. फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघर ते देवघर अशा चार फेऱ्या घातल्या.

"रवी, समजा तो परत आलाच नाही, तर?"

"तर दुसरा सीझन नाही. मग मीही घरीच."

फेऱ्या थांबल्या.

"खूप भाजलं का रे त्याला?"

"आई!"

"आजी आहे मी त्याची." त्या देवघरात गेल्या. हात जोडून हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवा, लेकराला सुखरूप परत आण. तो येईपर्यंत मी साखर सोडली."

दयानंदरावांनी मुलाला बाजूला ओढलं. "आला की साखर, मेला की चहा. रव्या, दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात त्याला आण आणि त्याच भागात मार."

"आणि उरलेले नव्वद भाग?"

"त्यात पुन्हा जिवंत कर हवा तर. फक्त आईला ऐकवू नकोस."