न ओघळणारा फेस

सोमवारी सकाळी खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवायच्या आधी फेसबाईंनी साहेबांना सांगून टाकलं, "गुरुवारी बोलवा मेट्रनबाईंना. फेस तयार आहे."

साबणाच्या कारखान्यातल्या त्या प्रयोगशाळेत बाईंना एकोणीस वर्षं झाली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतानाही त्या फेसाबद्दलच बोलत, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. सध्याचं काम मात्र थट्टेचं नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी फेस हवा होता. डोक्यावर ठेवला की तिथेच बसेल, उशीवर ओघळणार नाही, कानात जाणार नाही आणि ओल्या फडक्याने पुसला की मळासकट निघेल, असा. त्यांच्या वॉर्डात मणक्याचं ऑपरेशन झालेली एक शिक्षिका होती. तिचे केस अकरा आठवडे धुतले गेले नव्हते. विद्यार्थी भेटायला आले की ती तोंड भिंतीकडे करून झोपल्याचं सोंग घ्यायची.

आठ महिने बाई या फेसामागे होत्या, आणि शनिवारी तो जमला. विग चढवलेल्या प्लॅस्टरच्या डोक्यावर चाळीस मिनिटं ढिम्म बसला. बोटाने दाबला तर खड्डा पडे आणि हळूहळू भरून येई. यंत्रानेही साक्ष दिली. हे यंत्र सुईच्या टोकाला लटकणारा थेंब श्वास घेतल्यासारखा फुगवायचं, आवळायचं आणि त्याच्या कातडीत किती जीव आहे ते मोजायचं. साध्या साबणाच्या थेंबाची कातडी लेचीपेची असते. शनिवारच्या थेंबाची रबरासारखी होती.

सोमवारी दुपारी बाईंनी तोच फेस पुन्हा केला. तो प्लॅस्टरच्या कपाळावरून घसरला, नाकाच्या शेंड्यावर क्षणभर थांबला आणि टेबलावर पडला.

"पाण्याचा दोष," बाई म्हणाल्या.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर बदलला. फेस घसरला. तराजूवाल्याला बोलावून तराजू तपासून घेतला. त्याने तराजू निर्दोष ठरवला आणि जाताना बाईंकडे जरा काळजीने पाहिलं. फेस घसरला. मग बाईंनी भांड्यांकडे मोर्चा वळवला.

भांडी काकांच्या ताब्यात होती. काका प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचे, एकतीस वर्षं. त्यांच्या हातून एक चंचुपात्र फुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काका, सगळी भांडी आज अ‍ॅसिडने धुवा. दोनदा."

काकांचा चेहरा पडला. "मॅडम, शनिवारचं जे भांडं होतं ना, मला जरा सांगायचं होतं..."

"तुम्हाला काही बोलत नाही हो मी. एकतीस वर्षांत तुमच्या भांड्यावर डाग पाहिला नाही. धुवा फक्त."

काकांनी धुतली. भांडी अशी लखलखली की कपाटाचं दार उघडताना डोळे बारीक करावे लागत. फेस आता कपाळावरसुद्धा थांबेना. जितकी स्वच्छता वाढे, तितका फेस पातळ होई.

बुधवारी काका पुन्हा आले. "मॅडम, माझी चूक झाली."

"तुम्ही राजीनाम्याबिजीनाम्याचं मनात आणू नका," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा धुवा." आणि त्या यंत्राकडे वळल्या. थेंब सुईवर लोंबत होता, ओल्या पिशवीसारखा.

गुरुवारी मेट्रनबाई ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. मोठ्या बांध्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. साहेबांनी स्वागत केलं, बाईंनी फेस केला, आणि तो प्लॅस्टरच्या डोक्यावरून निघून सरळ साहेबांच्या बुटावर आला.

"प्लॅस्टर गुळगुळीत असतं," साहेब म्हणाले. "खरं डोकं पाहिजे."

सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यांकडे पाहिलं. साहेबांना टक्कल होतं. मेट्रनबाईंनी टोपी नीट केली. शेवटी बाई स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. आठ महिन्यांचं काम, म्हणाल्या, माझंच डोकं.

साहेबांनी फेस वाढला. तो केसांतून खाली आला, दोन्ही कानांत शिरला आणि मानेवरून पाठीत उतरला. बाई छताकडे पाहत पडून राहिल्या. भिंतीकडे तोंड करून झोपलेली ती शिक्षिका त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि डोळ्यांत फेस गेला नसतानाही ते चुरचुरले.

तेवढ्यात काका पुढे झाले. "मॅडम, आता सांगतोच. शनिवारी माझा कप फुटला होता."

"काय उठला होता?" बाईंच्या कानात फेस होता.

"कप. म्हणून मी त्या भांड्यात चहा प्यालो."

"कुणाला पाहिलं?"

"चहा प्यालो," काका ओरडले. एकतीस वर्षांत त्यांचा इतका मोठा आवाज त्या भिंतींनी ऐकला नव्हता. "तुमच्या फेसाच्या भांड्यात. आणि घाईत नुसतंच विसळलं. तळाशी थोडा राहिला असणार. रोज सांगायला येत होतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र ताडकन उठून बसल्या. कानातला फेस बोटाने काढला.

"दुधाचा?"

"दुधाचाच."

"गार झाला होता?"

"झाला होता. साय धरली होती वरती."

बाई खाली उतरल्या. ओल्या केसांतून पाणी ठिबकत होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "साय," त्या म्हणाल्या. "साबणाचे कण थेंबाच्या कातडीवर नुसते इकडून तिकडे पळत असतात, एकमेकांना धरत नाहीत. आपण त्यात लांब दोऱ्यांसारखा पदार्थ घालतो, पण त्या दोऱ्यांना गाठी मारणारं कुणी नव्हतं. दुधातल्या प्रथिनांनी मारल्या. आणि मी तीन दिवस त्या गाठी अ‍ॅसिडने धुतेय."

दूध आणलं. चार थेंब घातले. फेस जरा टिकला, मग वाकला. बाईंचा चेहरा उतरू लागला.

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "मी दूध नव्हतो प्यालो. चहा प्यालो होतो."

चहा आणला. गार होऊ दिला. फेसाच्या पाण्यात चमचाभर टाकला. सुईवरचा थेंब फुगला, आवळला, पुन्हा फुगला, आणि पडद्यावरची रेघ शनिवारच्या जागी जाऊन बसली. चहातल्या तुरटपणाने दुधाच्या गाठी आणखी घट्ट आवळल्या होत्या. प्लॅस्टरच्या डोक्यावर फेस बसला तो बसलाच. साहेबांनी डोकं उचलून तिरकं केलं, तरी हलेना.

मेट्रनबाईंनी एक बोट फेसात दाबलं आणि खड्डा भरून येताना पाहिला. मग टोपी काढली, पिना काढल्या आणि टेबलावर आडव्या झाल्या.

"आधी माझं डोकं. मग पेशंटचं."

बाईंनी स्वतःच्या हाताने फेस लावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कान कोरडे होते, मान कोरडी होती, टेबल कोरडं होतं. पंचविसाव्या मिनिटाला मेट्रनबाई चक्क घोरू लागल्या, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना चवड्यांवर चालायला सांगितलं. बाईंनी फडक्याने हलक्या हाताने फेस पुसून घेतला. केस स्वच्छ निघाले.

मेट्रनबाई उठल्या, एक बट नाकाशी नेऊन हुंगली. "चहाचा वास येतोय. रंगही चहाचाच आहे. आणि हे दोन दिवसांत नासेल."

"हो," बाई म्हणाल्या.

"दुधाचं आणि चहाचं काम करणारं, पण न नासणारं काही सापडेल?"

"गाठ कुठे मारायची ते आज कळलं. सापडेल."

"सापडलं की कळवा. तोवर मी त्या शिक्षिकेला सांगते की येतंय म्हणून. नुसतं एवढं ऐकूनही ती भिंतीकडचं तोंड इकडे वळवेल." मेट्रनबाई केस तसेच मोकळे ठेवून निघाल्या. जिन्यावर त्या गुणगुणत असल्याचं साहेबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

आता अहवाल लिहायचा होता. बाईंनी खोटं कधी लिहिलं नव्हतं. भांड्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'चहा प्यायलेलं, अर्धवट विसळलेलं.' मग पेन थांबलं. फेस घट्ट व्हायला साखरही मदत करते, तेव्हा तिचं प्रमाण लिहायलाच हवं.

"काका, शनिवारच्या चहात साखर किती होती?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. दूध, चहा, भांडं, सगळं कबूल करून झालं होतं, पण हा प्रश्न त्यांना भलताच जड गेला.

"मॅडम," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हा अहवाल माझ्या बायकोपर्यंत जाणार नाही ना? डॉक्टरांनी साखर बंद केलीय."

"जाणार नाही. किती?"

"साडेतीन चमचे," काका म्हणाले आणि भांडी धुवायला पळाले.