चार बाह्यांचा स्वेटर

जिजाबाई बचत गटाचा मोबाइल कानाला दाबून अंगणात उभी होती आणि नेमकं त्याच वेळी शेजारच्या केवळरामच्या खळ्यात धान काढायचं मशीन सुरू झालं. मोबाइलमध्ये गटाला काम देणाऱ्या नागपूरच्या संस्थेतल्या रिता मॅडमचा निरोप होता. मॅडम मूळच्या रायपूरच्या, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं हिंदीत. निरोप काही फार लांब नव्हता, पण मशीनच्या घरघरीतून जिजाबाईच्या कानापर्यंत पोचला तो एवढाच: "जीजा दीदी, हमारे गोकुल में छोटे-छोटे बछ... माँ नहीं... बोतल का दूध पीते हैं... दिन भर ठंडी मिट्टी में पड़े रहते हैं... बची हुई ऊन से एक स्वेटर बना दीजिए, नमूने के लिए."

दुसरं कोणी असतं तर मशीन थांबल्यावर निरोप पुन्हा ऐकला असता. पण एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकणं म्हणजे आपल्या कानांचा अपमान, असं जिजाबाईचं मत होतं. गोकुळ म्हटलं म्हणजे गाई आल्या. बाटलीनं दूध पितात म्हणजे माय मेलेली वासरं आली. आणि हिंदीत वासराला बछडा म्हणतात हे ती लग्नाआधी गोंदियाला मावशीकडे राहून शिकली होती. तिच्या दृष्टीनं शंकेला कुठं जागाच नव्हती.

ओसरीवर तिचा नवरा धनीराम मासे धरायचं जाळं सांधत बसला होता.

"आयकता का? मॅडमचा निरोप आला. वासरासाठी स्वेटर मांगून राहिल्या."

"कोणाच्या वासरासाठी?"

"गोकुळातल्या. बिचाऱ्याईले माय नाही. उरलेल्या ऊनचा विणा म्हणते."

धनीरामला ऊन म्हणजे आकाशातून पडतं तेवढंच ठाऊक होतं. "ऊन कायले विणा लागते? थंडी वाजते त उन्हात बांधा म्हणा वासराले!"

"लोकर हो, लोकर! हिंदीत ऊन म्हणते."

"मंग वासराले हिंदीत काय म्हणते, ते बरोबर आयकली न?" धनीरामने जाळ्यातून मान वर न काढता विचारलं. पण तोवर जिजाबाई चप्पल घालून अध्यक्षबाईंच्या घराकडे निघाली होती.

अध्यक्ष होत्या बेबीबाई. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्या रोज तपासूनही पाहत. जिजाबाई गटाची सचिव, म्हणून गटाचा मोबाइल तिच्याकडे. मागे एकदा तिने तालुक्याच्या मेळाव्याचा दिवस अर्धवट ऐकला होता आणि सगळा गट नटूनथटून आदल्या दिवशीच साकोलीला जाऊन रिकाम्या मैदानात बसून आला होता. बेबीबाई ते विसरल्या नव्हत्या.

"वासराले स्वेटर?" त्यांनी डोळे बारीक केले. "बरोबर आयकली न?"

"या कानानं आयकलं, बाई."

"त्याच कानाचं भेव आहे मले. पाह्य जिजा, या बारीले चुकली त मोबाइल तुळसाच्या हातात देजो अन् सचिवपद सोडजो."

जिजाबाई हसून "देईन" म्हणाली खरी, पण हातातला मोबाइल तिने घट्ट कमरेला खोचला. एकोडी गावात आजवर ती 'धनीरामची बायको' होती. मोबाइल हातात आल्यापासून लोक तिच्या दारात येऊन 'जिजाबाई, काही निरोप आहे काय?' असं विचारू लागले होते. हे तिला फार आवडायचं. मोबाइल गेला तर ती पुन्हा धनीरामची बायको होऊन चुलीपुढे बसणार होती. म्हणून हा स्वेटर असा विणायचा की मॅडमनी बघतच राहावं, असं तिने ठरवलं. क्रोशाची सुई तिच्या हातात लहानपणापासून होती. गावातल्या टीव्हींवरचे रुमाल आणि दारांवरची तोरणं सगळी तिचीच.

अडलं ते लोकरीपाशी. वासराचं अंग म्हणजे थोडंथोडकं नव्हे, आणि उरलेली लोकर म्हणून सगळ्या गावातून जे निघालं ते एका मुठीत मावलं. गटाची बैठक बसली. गिरजाबाई म्हणाल्या, "नवी आणू काय?"

"मॅडमनं उरलेली सांगतली आहे," बेबीबाई कडाडल्या. "उरली नसन त उरवा लागन!"

आणि बायांनी ती उरवायला सुरुवात केली. गिरजाबाईंच्या मालकांचा मफलर उसवला गेला. गटातल्याच तुळसाच्या सासऱ्यांची माकडटोपी दुपारी वाळत घातलेली होती, ती संध्याकाळी गोळा होऊन जिजाबाईच्या टोपलीत आली. खुद्द बेबीबाईंनी मालकांचे हातमोजे दिले. जिजाबाईनेच मागे राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून धनीरामचा बिनबाह्यांचा स्वेटर गेला. पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर गावातली प्रतिष्ठित माणसं कानाला दुपट्टे बांधून बसलेली दिसू लागली.

"कोणत्या वासराले लागते गा इतकी थंडी?" एकाने विचारलं.

"ते मले नोको विचारू," धनीराम काखेत हात घालून म्हणाला. "मी बी आता उन्हातच बांधून घेतो सोताले."

माप मात्र मिळालं. केवळरामच्या गाईला नुकतंच वासरू झालं होतं. जिजाबाई रोज सुतळी घेऊन गोठ्यात जायची, वासराची छाती, पोट, पाय मोजायची, आणि वासरू प्रेमानं तिचा पदर चघळायचं.

"वैनी, लग्न आहे काय त्याचं?" केवळराम विचारायचा. ती त्याच्याकडे दुर्लक्ष करून गाठी मारायची.

स्वेटर झाला तो मात्र खरोखर बघण्यासारखा. लाल, हिरवा, शेवाळी, माकडटोपीचा तपकिरी, सगळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी आले होते. चार पायांना चार बाह्या, पोटावर बटणं, आणि शेपटीसाठी व शेपटीखालच्या व्यवहारासाठी मागे ऐसपैस खिडकी. जिजाबाईला तो इतका आवडला की तिने तो एकदा अंगावर घालून पाहायचं ठरवलं, म्हणजे वासराच्या.

वासराला मात्र तो मुळीच आवडला नाही. शेवटचं बटण लागलं तसं ते उधळलं. गोठ्यातून गल्लीत, गल्लीतून तलावाच्या बांधावर आणि तिथून थेट पाण्यात. मागे जिजाबाई, तिच्यामागे केवळराम, आणि दोघांच्या मागे सगळं गाव.

"माहं वासरू!" केवळराम ओरडला.

"माहा स्वेटर!" जिजाबाई त्याहून जोरात ओरडली.

शेवटी धनीरामने काठावरून जाळं टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जाळ्यात स्वेटर घातलेली शिकार आली. वासराला काही झालं नाही. स्वेटर मात्र चिखलानं आणि शेणानं असा माखला की त्याचे सगळे रंग एकच झाले. जिजाबाईने मोठ्या गंजात पाणी उकळलं, मूठभर सोडा टाकला आणि स्वेटर त्यात बुडवून काठीनं ढवळला. मफलर आणि टोपी निघाले जुन्या काळच्या खऱ्या लोकरीचे. वास गेला, रंग परत आले, पण स्वेटर आटून जवळजवळ निम्मा झाला.

"आता हे कोणत्या वासराले येईन?" जिजाबाई रडकुंडीला आली.

"बकरीच्या पिलाले येईन," धनीरामने धीर दिला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. या वेळी मशीन बंद होतं आणि मॅडमचा आवाज स्वच्छ येत होता. "दीदी, कल आ रही हूँ. एक को साथ लेकर आऊँगी. पहनाकर देख लेंगे, फोटो भी हो जाएगा."

ही बातमी ऐकून बायांत चर्चा झाली. कारमधून वासरू येणार कसं? तुळसाने सांगितलं की शहरातले लोक कुत्र्यालाही पुढच्या सीटवर बसवतात, तेव्हा वासराला मागची मिळायला हरकत नाही. पाहुण्याची गैरसोय नको म्हणून सकाळीच समाजमंदिरात धानाची तणस पसरली, बादलीभर पाणी ठेवलं, घमेल्यात सरकीची ढेप भिजवली आणि धनीरामने दारासमोर एक खुंटा ठोकला. वासरू लहान असलं तर बरं, एवढीच प्रार्थना जिजाबाई मनातल्या मनात करत होती.

कार आली. दार उघडलं. रिता मॅडम उतरल्या आणि त्यांच्या कडेवर होतं एक गुटगुटीत, नाक गळणारं लेकरू.

"ये देखिए, हमारे गोकुल का सबसे छोटा बच्चा!" मॅडम म्हणाल्या. "ईंट-भट्ठे पे माँ दिन भर काम करती है, तो ये हमारे पास रहता है."

बच्चा. आता हा शब्द जिजाबाईला अगदी स्पष्ट ऐकू आला. गटाच्या सगळ्या बायांनी एकाच वेळी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. बेबीबाईंनी तळहात पुढे केला. तो मोबाइलसाठी होता.

"ये घास क्यों बिछाई है?" मॅडमनी विचारलं.

"मऊ लागते. बैठने को," गिरजाबाई म्हणाल्या.

"और ये बाल्टी?"

"हाथ धोने को."

"और वो खूँटा?"

"झेंडा बांधाचा होता," धनीराम मागून म्हणाला.

मॅडमनी लेकराला खाली ठेवलं आणि स्वेटर मागितला. जिजाबाईने मागच्या दोन बाह्या आत दुमडून तो पुढे केला, पण मॅडमनी हातात घेऊन झटकला तशा त्या दोन्ही बाहेर पडल्या. मॅडमनी बाह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"दीदी, ये... चार हैं?"

आता सगळं संपलं, असं जिजाबाईला वाटलं. मेळाव्याचं मैदान लोक एक दिवस विसरले असते, पण हे तिच्या नातवंडांपर्यंत पोचणार होतं. मॅडमकडे बघवेना म्हणून तिने खाली पाहिलं. खाली लेकरू तणशीच्या दिशेनं निघालं होतं. दोन हात, दोन गुडघे, भराभरा. जिजाबाईचे डोळे विस्फारले.

"देखो न मैडम!" ती ओरडलीच. "चार पाय पे तो चलता है! फिर चार बाही नहीं होना क्या?"

मॅडमनी लेकराकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. लेकराला स्वेटरात घातलं. हातांत दोन बाह्या, पायांत दोन, पोटावर बटणं. बाह्या जरा लांब होत्या, पण वाढत्या अंगाचं म्हणून दुमडून घेतल्या. लेकरू लगेच त्या थंडगार फरशीवर गुडघे न गारठता रांगू लागलं आणि तणशीत जाऊन बसलं.

"और ये पीछे से खुला! कपड़ा बदलने की झंझट ही नहीं!" मॅडम हरखून म्हणाल्या. "किसके दिमाग से निकला ये?"

बेबीबाईंचा पुढे केलेला तळहात अलगद मागे गेला आणि त्या स्वतः पुढे आल्या. "हमने बोला था जिजा को. चारच कर, म्हणलं. अध्यक्ष हूँ न."

जिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काही बोलायच्या आत मॅडमनी पुढचा प्रश्न टाकला. "और नाप किस बच्चे का लिया?"

"हमारे नातू का," बेबीबाई त्याच ठेक्यात म्हणून गेल्या.

"अरे, तो बुलाइए ना उसको! दोनों का साथ में फोटो निकालते हैं."

बेबीबाईंचा एकुलता एक नातू बारावीत होता आणि त्याला मिशा फुटल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गिरजाबाईंकडे पाहिलं, त्या छताकडे बघत होत्या. तुळसाकडे पाहिलं, तिने पदर तोंडात कोंबला होता. शेवटी त्या जिजाबाईच्या कानाशी लागल्या.

"जिजा, कायतरी सांग न वो. मोबाइल तुह्याचपाशी राहीन. जलमभर."

जिजाबाईने हे वाक्य मात्र नीट ऐकलं. एकदा नाही, "काय म्हणता बाई?" असं विचारून दोनदा ऐकलं. तिला मनापासून बरं वाटलं. मग तिने पदर सारखा केला आणि मॅडमकडे वळून हसली.

"नातू लाजरा आहे मॅडम. लोक दिसले का हंबरते."

मॅडमनी कौतुकानं मान डोलावली. "हाँ, हाँ. इस उमर में सब यही करते हैं."