बाबांच्या गाडीचे दिवे

बाबा गेल्याला त्या रविवारी दीड महिना झाला, आणि धम्मपालने ठरवलं की आईला अंबाडीला मावशीकडे न्यायचं, तेही बाबांच्याच गाडीतून. रिक्षाने गेले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती आणि खिडकीतून ती दिसली की घरातलं कुणी ना कुणी ताटावरून अर्धपोटी उठायचं. तिला एकदा रस्त्यावर काढलीच पाहिजे, असं त्याला वाटलं. (तिला म्हणजे गाडीला. आईलाही, पण ते मोठ्याने बोलायचं नव्हतं.)

आई, चंपाबाई, दीड महिन्यात फार तर पन्नास शब्द बोलली असेल. त्यातले निम्मे ‘नको’ होते. धम्मपालची बायको ललिता दवाखान्यात नर्स होती. तिने सांगून टाकलं, “माणसांत न्या त्यांना. औषध नाही यावर.”

तर नेलं. गुणामावशी गळ्यात पडून रडली. आई रडली नाही. चहा घेतला, भिंतीकडे बघत बसली आणि दिवस कलायला लागल्यावर म्हणाली, “चल.”

अंबाडी सोडली तेव्हा दिवे लावले, लागले. तीन-चार किलोमीटर सगळं ठीक होतं. मग खड्ड्यांच्या एका लांबलचक रांगेत दोन्ही दिवे एकदम गेले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधे काळोख. धम्मपालने गाडी कडेला घेतली ती जवळजवळ वासावर.

“अहो, काय झालं?” शेजारच्या सीटवरून ललिताने विचारलं.

“काही नाही. फ्यूज असेल.”

धम्मपाल कशेळीच्या एका गोदामात डिस्पॅच क्लार्क होता. रोज साठेक ट्रक त्याच्या सहीने सुटायचे, त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. (त्याला कळायचं ते मालाच्या चलनांतलं.) त्याने स्टिअरिंगखाली डोकं घातलं. ललिताने मोबाइलचा टॉर्च धरला.

“हॉर्नचा काढतो आणि दिव्यांना लावतो.”

“आणि हॉर्नला?”

“हॉर्नशिवाय जाता येतं.”

“भिवंडीत?”

हॉर्नचा फ्यूज दिव्यांना लागला नाही. मग खिडकीच्या काचेचा काढला. तो त्याच्या घामट बोटांतून सुटून सीटखाली गेला, तो गेलाच. स्टिअरिंगलगतचा लाइटचा दांडा त्याने इकडे ओढला, तिकडे ढकलला. एकदा ओढल्यावर उजेड भक्कन पडला आणि सोडताच गेला. “लूज काँटॅक्ट,” तो आतून गंभीरपणे म्हणाला. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा फक्त दिवे गेलेल्या गाडीचे दिवे, हॉर्न आणि ललिताच्या बाजूची काच, असं तिन्ही गेलेलं होतं. काच खाली अडकली होती आणि प्रत्येक ट्रक जाताना मूठभर धूळ आत टाकत होता.

आई मागे बसून होती. बाबा असते तर धम्मपालला असं वाकू दिलंच नसतं. वीस वर्षांत त्यांनी त्याला बॉनेट उघडू दिलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. बाप गेला आणि त्याची गाडीही आपल्याला धड घरी नेता येत नाही.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “भाईसाब, पार्किंग चालू रखो, मेरे पीछे-पीछे आ जाओ.”

देवमाणूस! धम्मपालने त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर डोळे रोवले आणि निघाला. टेम्पो वळला, तो वळला. टेम्पो थांबला, तो थांबला. टेम्पो एका फाटकातून आत शिरला, तोही शिरला. समोर पॉवरलूमचा कारखाना खडखडत होता. टेम्पोवाला आपल्या घरी, म्हणजे आपल्या मालाच्या ठिकाणी पोचला होता.

वॉचमन वही घेऊन आला. “माल कौन-सा है?”

“माल नाही. आम्ही… आई आहे.”

“चलान?”

(आयुष्यात पहिल्यांदा धम्मपालकडे कुणी चलन मागत होतं आणि त्याच्याकडे नव्हतं.)

गाडी मागे घेऊन तो फाटकाबाहेर थांबला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग मागून आवाज आला.

“झालं का तुमचं?”

दोघं वळले. आईने समोरच्या सीटच्या खिशातून पेटीकोटची लांब नाडी काढली.

“हे बांध त्या दांड्याला. गाडी तापली का दिवे जातात तिचे. दांडा ओढून धरला का लागतात. तुझे बाबा चालवायचे, मी मागून ओढून धरायची. दोन वरसं.”

“दोन वर्षं? आई, मग मघाशीच का नाही बोललीस?”

“त्यांनी शपत घातलेली. पोराला सांगू नको, म्हणाले. म्हातारा झालो म्हणून गाडी इकायला लावील.”

गाडी विका, असं धम्मपालने बाबांना खरोखरच सांगितलं होतं. एकदा नाही, दर सणाला. ललिताने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. धुळीमुळे असेल.

त्याने नाडी बांधली. आईने दाराच्या कडेने मागे घेतली, दोनदा मनगटाला गुंडाळली आणि ओढली. रस्ता लखलखला.

“हां, चल आता. डावीकडनं घे. खड्डा हाय. समोरून गाडी येतेय, त्याच्या डोळ्यावर जाईल, मी सोडते, तू घाबरू नको.”

ती सोडायची, काळोख व्हायचा. समोरची गाडी जायची, ती ओढायची, उजेड व्हायचा. मधल्या काळोखात ती बोलत राहिली: बाबांनी कुठे गाडी बंद पाडली, कुठे पोलिसाला नाडी दिसली आणि तो हसून हसून खाली बसला. बोलता बोलता एकदा तिचा आवाज चिरला. नाडी मात्र सुटली नाही.

घरी पोचल्यावर धम्मपालने गाडी लावली. पाठ ओलीचिंब झाली होती. आपण काहीतरी पार पाडलं, असं त्याला दीड महिन्यात पहिल्यांदाच वाटत होतं. वर आला, तर आई मावशीला फोन लावून बसली होती.

“पोचलो गं गुणे. न्हाय, काय तरास न्हाय. गाडी मीच आणली… धम्मपाल? हां, तो होता ना. पुढं बसलेला.”