शिलाई मशीन कोणी नेलं?

कादंबरीवर सिनेमा होणार हे कळल्यावर घरात सगळ्यांना आनंद झाला, फक्त लेखक धास्तावला. कादंबरीतली मोठी बहीण आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन गुपचूप उचलून नेते, आणि ती बहीण म्हणजे हुबेहूब त्याची ताई होती. साखळीला अडकवलेल्या चष्म्यासकट. आजवर निभावलं, कारण तो सहाशे पानी ठोकळा घरात कोणी उघडलाच नव्हता. ताईकडे तर तो फ्रिजच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलेला होता, आणि लेखक त्याबद्दल मनातून तिचा ऋणी होता. पण पुस्तक न वाचणारी माणसं सिनेमाला मात्र हमखास जातात. ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. ती बोलायची थांबली, तर त्याला बाळ्या म्हणणारं जगात कोणी उरणार नव्हतं.

तो दिग्दर्शकाकडे गेला. दिग्दर्शक साहित्याचा भक्त. "तुमचा एक स्वल्पविरामही हलवणार नाही," असा शब्द त्यानं दिलेला.

"स्वल्पविराम राहू द्या," लेखक म्हणाला, "बहीण हलवा. मशीन मामानं नेलं असं करा."

"मामा शिलाई मशीनचं काय करणार?"

"विकेल. मामा लोकांचा काही भरवसा नसतो."

दिग्दर्शकानं जड मनानं बहिणीचा मामा केला. आठवड्याच्या आत खऱ्या मामांचा फोन आला. "सिनेमात मी चोर आहे म्हणे. भाचा मोठा झाला हो." लेखक तसाच उठून पुन्हा दिग्दर्शकाकडे पळाला, आणि मामाचा शेजारी झाला. पण खऱ्या शेजाऱ्यानं चित्रीकरणासाठी आपली बैठकीची खोली फुकट दिली होती, वर सगळ्यांना चहा पाजत होता. त्याच्याच खोलीत बसून त्याला चोर ठरवायचं, तर जरा तरी लाज हवी.

"मग मशीन घरातच राहू दे," लेखक चाचरत म्हणाला.

"आणि भाऊ-बहीण जन्मभर अबोला धरतात, तो कशावरून? हवापाण्यावरून?" दिग्दर्शकानं हात टेकले. "हे बघा, कोणीतरी नेलंच पाहिजे. ज्याच्या रागाची तुम्हाला भीती वाटत नाही असा एक माणूस सांगा."

लेखकानं सगळे नातेवाईक आठवून पाहिले. शेवटी एकच माणूस उरला, आणि तो रोज आरशात दिसायचा.

पहिल्या खेळाला ताई दोन रांगा भरून माणसं घेऊन आली. मैत्रिणी, नणंद, दोन्ही सुना. चष्मा साखळीला लटकवलेला. मध्यंतरात तिनं लेखकाला गाठलं.

"बाळ्या, मी कधी येते रे?"

"तू? तू कुठे आहेस यात?"

"मला येडी समजतोस? पान दोनशे बारा. चष्म्याची साखळी चावत मशीनकडे बघते ती कोण मग?"

"पण तू तर वाचलंच नाहीस. पुस्तक फ्रिजखाली..."

"ते दुसरं. पहिलं वाचून वाचून फाटलं." ताईचा आवाज भरून आला. "चोर तर चोर, पण माझ्यावर कोणीतरी एवढं लिहिलं होतं. सगळ्यांना सांगून आणलंय मी. आणि पडद्यावर बघते तर मशीन तूच पळवतोयस."

"तुला राग येईल म्हणून ताई..."

"राग वाचला तेव्हा आला होता. महिनाभर. मग वाटलं, लेकरानं मनात धरलंय, मशीन देऊन टाकावं. आज सिनेमा सुटला की सगळ्यांदेखत तुला परत देणार होते. खाली पहारेकऱ्यापाशी ठेवलंय." तिनं नाक पुसलं. "आता कशाला देऊ? दोन रांगा माणसांनी बघितलंय, नेलं कोणी ते."

लेखक आपल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि उरलेला सिनेमाभर पडद्यावरच्या स्वतःचा त्याला मनापासून संताप येत राहिला.

खेळ सुटला. खाली पहारेकऱ्यापाशी ताईनं मशीनवरचं लाकडी झाकण नीट बसवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"बाळ्या, बघतोस काय? उचल. माझ्या घरापर्यंत सोड, माझी कंबर धरलीय."

बाळ्या म्हणाली, एवढ्यानंच त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि वाकत वाकत थिएटरबाहेरच्या पायऱ्या उतरू लागला. बाहेर पडणारी गर्दी बाजूला होऊन वाट देत होती.

"बघ," मागून एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, खऱ्या गोष्टीवर आहे म्हणून?"